स्टिरिओ बदलण्याआधी दरवाजा उघडून बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २०१८ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. त्यात कंपनीचा टचस्क्रीन नसलेला ब्लूटूथ स्टिरिओ आणि चार दरवाजांत चार स्पीकर. तुम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहता, कामासाठी मुंबईला नेहमी जाता. हायवेवर गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत, आवाज वाढवला की दरवाजे खडखडतात. नकाशा मोबाईलवर बघावा लागतो, तेही नको झालंय. दुकानदाराने मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड प्लेअर, '५० वॅट गुणिले ४', आणि डिक्कीत बास ट्यूब (नळकांड्यात बसवलेला बासचा मोठा स्पीकर) असं पॅकेज सुचवलंय. बजेट तीस हजार. वायर कापावी लागेल का आणि बॅटरी उतरेल का, ही तुमची भीती.

मी अंबडला गाड्यांचं ऑडिओ आणि वायरिंगचं काम करतो, बरीच वर्षं करतोय. त्यामुळे आधी हेच सांगतो की तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गरजा एकत्र झाल्या आहेत. नकाशा समोर हवा, ही पडद्याची गरज आहे. शब्द कळत नाहीत आणि दरवाजा खडखडतो, ही आवाजाची तक्रार आहे, आणि तिचा पडद्याशी जवळजवळ काही संबंध नाही. दुकानात दोन्हींवर एकच औषध मिळतं, कारण पडदा दाखवून विकता येतो आणि दरवाजाच्या आतलं काम दिसत नाही. तुमचे सगळे पैसे पडद्यात गेले तर नकाशा छान दिसेल, पण कसारा घाट उतरताना शब्द तेवढेच अस्पष्ट राहतील.

पैसे काढण्याआधी घरी एक तपासणी करा. गाडी शांत जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, आणि तुम्हाला पाठ असलेलं, स्पष्ट शब्दांचं एखादं गाणं लावा. बास आणि ट्रेबल शून्यावर आणा. आवाज हळूहळू वाढवत न्या. उभ्या गाडीत मोठ्या आवाजातही शब्द स्वच्छ येत असतील आणि फक्त शंभरच्या वेगाला हरवत असतील, तर अडचण रस्त्याच्या आणि टायरच्या आवाजाची आहे. समृद्धी महामार्गावर १२०ची मर्यादा आहे. त्या वेगाला टायर आणि वारा जो घुमणारा आवाज करतात तो गाण्याचा खालचा भाग, म्हणजे ढोलकी, तबल्याचा डग्गा, पुरुषी आवाजाचा भरीवपणा, हे सगळं झाकून टाकतो. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो, वरचा भाग कर्कश होतो आणि डोकं दुखतं. उभ्या गाडीतच पाऊण व्हॉल्यूमला आवाज फाटत असेल, तर स्पीकर किंवा स्टिरिओतला अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, तोकडा पडतोय.

खडखडीसाठी स्टिरिओतला बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढे-मागे) वापरून एका वेळी एकच दरवाजा वाजवा. खडखड सुरू झाली की दरवाजाच्या आतल्या पॅनेलवर तळहात दाबून धरा. खडखड थांबली तर दोष पॅनेलच्या क्लिपांचा किंवा आतल्या पत्र्याचा आहे, स्पीकरचा नाही. नंबरप्लेट आणि दरवाजाच्या कप्प्यातली पाण्याची बाटलीही तपासा. तपासणीनंतर नवा स्पीकर घ्यायची गरजच उरली नाही, असे लोक माझ्याकडे येतात.

आता स्टिरिओ. 'अँड्रॉइड प्लेअर' आणि 'अँड्रॉइड ऑटो' या दोन गोष्टी गिऱ्हाईक नेहमी एक समजतं आणि तिथेच पैसे चुकीच्या जागी जातात. अँड्रॉइड प्लेअर म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेट. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःची अ‍ॅप. आज चटपटीत चालतो, पण नकाशाचं अ‍ॅप दरवर्षी जड होत जातं आणि त्याची २ जीबी रॅम आहे तेवढीच राहते. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्लेमध्ये सगळं काम तुमचा मोबाईल करतो, स्टिरिओ फक्त पडदा आणि बटणं देतो. मोबाईल बदलला की सगळं आपोआप ताजं होतं. तुमची गरज नकाशा, फोन आणि गाणी एवढीच आहे. म्हणून मी तुम्हाला सात इंचाचा, डबल डिन मापाचा, नावाजलेल्या ऑडिओ कंपनीचा अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले असलेला स्टिरिओ सुचवीन. पायोनियर, सोनी, केनवुड, जेबीएल यांत तुमच्या बजेटला जो बसेल तो. मागच्या सीटवर मुलांना व्हिडिओ दाखवायचे असतील तर अँड्रॉइड प्लेअरचा विचार ठीक आहे. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटरचं तोंड. हे माप जगभर एकच असल्यामुळे उद्या हा स्टिरिओ काढून दुसरा बसवणं सोपं राहतं. नऊ-दहा इंची पडदे खास त्या गाडीच्या फ्रेमवर बसतात. ते वाईट असतात असं नाही, पण डॅशबोर्डच्या वर आलेला पडदा उन्हात चकाकतो आणि काही गाड्यांत एसीच्या झडपांपुढे येतो. दुकानात एकदा ड्रायव्हर सीटवर बसून बघा.

'५० वॅट गुणिले ४'चा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओच्या आत व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसेल, आणि बहुतेकांत नसतंच, तर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात मिळू शकणारी कमाल शक्ती २६ वॅटच्या आतच राहते. हा भौतिकशास्त्राचा आकडा आहे, कुठलीही कंपनी तो ओलांडू शकत नाही. प्रत्यक्षात हाती १८-२० वॅट येतात. खोक्यावरचे ५० म्हणजे आवाज पूर्ण फाटलेला असतानाचा क्षणभराचा आकडा. खात्री करायची असेल तर स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. १० अँपिअरचा फ्यूज असेल तर १४.४ ने गुणून आत जाणारी वीजच १४४ वॅट होते, त्यातूनही बराच भाग उष्णतेत जातो. मग बाहेर सलग २०० वॅट कुठून येणार? म्हणून खोक्यावर 'आरएमएस' (सलग मिळणारी शक्ती) किंवा 'सीईए-२००६' (ती मोजण्याचं मानक) असं लिहिलेला आकडा शोधा. तो लहान दिसतो, पण खरा असतो.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी की कंपनीच्या स्टिरिओतून नव्या स्टिरिओवर गेलात तरी ताकद फारशी वाढत नाही. मग सुधारणा येते कुठून? स्पीकर आणि दरवाजातून.

स्विफ्टसारख्या गाडीत कंपनीचे स्पीकर पातळ कागदी कोनचे आणि छोट्या चुंबकाचे असतात. ते बदलताना वॅटचा आकडा बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तीन डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे अँपची ताकद दुप्पट केल्यासारखं. वेगळा अँप न लावता स्टिरिओवरच स्पीकर चालवायचे असतील, आणि तुमच्या बजेटमध्ये तसंच करावं लागेल, तर हा आकडा सगळ्यांत आधी. ३०० वॅट लिहिलेला जाडजूड स्पीकर स्टिरिओच्या १८ वॅटवर कुंथत वाजतो.

पुढच्या दरवाजांना कंपोनंट सेट घ्या. त्यात मोठा स्पीकर दरवाजात आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, वेगळा, आरशाच्या आतल्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसतो. शब्द कळण्यासाठी हाच उपाय. भाषेतले स, श, च, त हे वरच्या पट्टीत असतात, आणि दरवाजात गुडघ्याजवळ असलेल्या स्पीकरमधून निघालेली वरची पट्टी तुमच्या पायातच शोषली जाते. ट्वीटर कानाच्या उंचीच्या जवळ आला की गायक डॅशबोर्डवर समोर बसल्यासारखा ऐकू येतो. मागचे स्पीकर सध्या आहेत तेच राहू द्या. गाडीत बहुतेक वेळा तुम्ही एकटे किंवा दोघं पुढे असता. मागच्यांवर खर्च करणं मला कधीच पटलं नाही.

आणि आता दरवाजा, ज्याच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. दरवाजा म्हणजे मोठा पोकळ पत्र्याचा डबा आहे. स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागेही ढकलतो. आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यातून मागची हवा पुढे येते आणि बास खाऊन टाकते. तुमच्या बासची निम्मी तक्रार इथे आहे. त्यात बाहेरचा पातळ पत्रा स्वतःच थरथरतो. उपाय म्हणजे ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट, ॲल्युमिनियमचा वरचा थर असलेली, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची. बाहेरच्या पत्र्याच्या आतून, मोकळ्या भागावर तुकडे लावायचे. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते, तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर बरीच जाते. मग आतल्या पत्र्याची भोकं शीटने बंद करायची. पैसे कमी असतील तर बाहेरच्या पत्र्यावर कमी लावा, भोकं मात्र बंद कराच.

शीटबद्दल एक सावधगिरी. स्वस्त डांबरी शीट बाजारात 'डॅम्पिंग' म्हणूनच विकली जाते. मे महिन्यात सीबीएस बसस्थानकाजवळ दुपारभर उन्हात उभी केलेली गाडी आतून किती तापते हे तुम्हाला माहीत आहे. डांबरी शीट त्या उष्णतेत ओघळते आणि गाडीत रस्त्याच्या कामासारखा वास सुटतो. कोपरा ओढून बघा: ब्यूटाइल च्युइंगमसारखं ताणतं, त्याला डांबराचा वास नसतो. लावताना रोलरने दाबलीच पाहिजे. वरच्या थरावरची नक्षी सपाट झाली म्हणजे ती पत्र्याला पूर्ण चिकटली.

दुसरी सावधगिरी पावसाची, आणि इगतपुरीकडून जाणाऱ्या माणसाने ती फार जपावी. पावसात काचेच्या रबरातून दरवाजात पाणी जातं आणि खालच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. तशीच रचना आहे. ती खालची भोकं शीटने किंवा सीलंटने बुजवली तर दरवाजात पाणी साठतं आणि तळ गंजतो. आतल्या पॅनेलमागे जो प्लास्टिकचा कागद असतो तो पाणी गाडीत येऊ नये म्हणून असतो. घाईत फाडून फेकला आणि भोकंही नीट बंद केली नाहीत, तर जुलैत पायाखालचं कार्पेट ओलं होतं. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) असेल तर तिला सगळ्या बाजूंनी वॉर्निश मारून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत फुगते आणि स्क्रू सुटतात. एबीएस प्लास्टिकची रिंग मिळाली तर तीच घ्या.

वायरच्या भीतीबद्दल. नाही, तुमच्या गाडीत एकही वायर कापायची गरज नाही. स्विफ्टची फ्रेम आणि कपलर तयार मिळतात. कपलर एका बाजूने कंपनीच्या सॉकेटमध्ये आणि दुसऱ्या बाजूने नव्या स्टिरिओच्या मागे लागतो. स्टेअरिंगवरची बटणंही चालू राहतात, फक्त तुमच्या गाडीला साजेसं वायरिंग घ्यावं लागतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओ कॅनबसवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर, असतो, तिथे वेगळा कॅनबस बॉक्स लागतो. काही नव्या गाड्यांत तर एसी, कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग पडद्यातच असतात. तशा गाडीचा स्टिरिओ मी काढतच नाही, मूळ स्टिरिओ ठेवून त्याच्या स्पीकरच्या वायरींवरून डीएसपी अँप (आवाज डिजिटल पद्धतीने सुधारणारा ॲम्प्लिफायर) चालवतो. तुमचा प्रश्न त्या गटातला नाही. जोडकाम कपलरमध्येच, सोल्डर करून किंवा क्रिंप करून, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून झालं पाहिजे. काळी चिकटपट्टी दोन उन्हाळ्यांत सुटते आणि जोड उघडा पडतो. वॉरंटीतल्या गाडीत वायर कापलेली दिसली की इलेक्ट्रिकलचा दावा नाकारायला सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं. तुमची गाडी वॉरंटीबाहेर असेल, पण डॅशबोर्डमागे कापलेल्या वायरींचा गुंता तापला तर जळणारी गाडी तुमचीच.

बॅटरी उतरण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: पिवळी आणि लाल वायर एकत्र जोडणं. पिवळी वायर मेमरीसाठी कायम वीज घेते, ती अगदी थोडी. लाल वायर चावीसोबत चालू-बंद व्हायला हवी. घाईत दोन्ही कायमच्या विजेवर जोडल्या की स्टिरिओ खऱ्या अर्थाने कधी झोपतच नाही. उभ्या गाडीचा एकूण खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. त्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी आठवडाभर गाडी उभी राहिली तरी सांभाळते. तोच खर्च ३०० मिलिअँपिअर झाला तर दिवसाला सात जातात आणि तीन-चार दिवसांत सेल्फ मारायची मारामार. फिटरला ॲमीटर लावून हा आकडा दाखवायला सांगा. चावी काढून, दरवाजे बंद करून अर्धा तास थांबायचं, मगच आकडा खरा.

निळ्या वायरचंही नाव घेऊन विचारा. बऱ्याच गाड्यांत छतावरच्या अँटेनाच्या बुडात छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज स्टिरिओतून द्यावी लागते. ती जोडायची राहिली की शहरात आकाशवाणी ठीक ऐकू येते आणि घोटीच्या पुढे नुसती खरखर. लोक नव्या स्टिरिओला दोष देतात, दोष त्या एका जोडाचा असतो.

बास ट्यूब सध्या घेऊ नका. स्विफ्टची डिक्की २६८ लिटरची, त्यात ट्यूब ठेवली की कुटुंबाच्या बॅगा मांडीवर. शिवाय स्वस्त ट्यूब एकाच सुरात घुमते, त्याने शब्द आणखी झाकले जातात. दरवाजे नीट झाल्यावर एक-दोन महिने ऐका. तरीही खालचा भाग कमी वाटला तर सीटखाली बसणारा आठ इंची वूफर बघा, त्यात अँप आतच असतो. त्या वेळी मुख्य वायर थेट बॅटरीवरून येईल आणि तिचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असायलाच हवा. अँपजवळचा फ्यूज अँपला वाचवतो, बॅटरीजवळचा गाडीला वाचवतो. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते, पण तेवढाच करंट वाहायला ती बरीच जाड लागते.

तीस हजार कसे वाटायचे ते तुमच्या जागी मी असतो तर असं: निम्म्याहून थोडे जास्त स्टिरिओ, फ्रेम आणि कपलरला, साधारण पाच-सहा हजार पुढच्या कंपोनंट सेटला, तेवढेच पुढच्या दोन दरवाजांच्या डॅम्पिंगला, उरलेले मजुरीला. भाव दुकानागणिक आणि मॉडेलगणिक बदलतात, पण प्रमाण साधारण हेच ठेवा. स्टिरिओचे पैसे जड जात असतील तर तो पुढच्या दिवाळीला घ्या आणि आधी दरवाजे करा. कंपनीच्याच स्टिरिओवर, मोबाईल होल्डर लावून, तुमची आवाजाची तक्रार बरीचशी मिटेल. उलट क्रमाने केलंत तर मिटणार नाही.

काम चालू असताना तिथे थांबा. डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढली जाते का ते बघा. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना कोणी हात लावू नये. दोन दरवाजे आणि स्टिरिओ हे नीट केलं तर अख्ख्या दिवसाचं काम आहे, दोन तासांत गाडी देतो म्हणणाऱ्याकडे ठेवू नका.

पैसे देण्याआधी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हायपास लावून घ्या. छोट्या स्पीकरला न झेपणारा बास त्याच्याकडे गेला नाही की मोठ्या आवाजातही तो फाटत नाही. मग बॅलन्स मधोमध ठेवून ऐका. गायक समोर मध्ये उभा न वाटता दोन्ही कानांत पसरला आणि बास गायब झाला, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्या आहेत. इंजिन चालू करून गाणं बंद ठेवा आणि रेस द्या. रेसबरोबर चढणारी शिट्टी आली तर अर्थिंग नीट नाही. स्टेअरिंगची बटणं, रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा असेल तर तो, रात्री दिवे लावल्यावर पडदा मंद होणं, चारही काचा आणि सेंट्रल लॉक, हे सगळं तिथेच तपासा. दरवाजाचं पॅनेल परत बसवताना तुटलेल्या क्लिपा नव्या घालायला लावा, जुनी खडखड त्यांच्यामुळेच परत येते.

बिल पक्कं घ्या. कंपनीने न दिलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं विम्यात वेगळी जाहीर करता येतात. त्यासाठी जाहीर केलेल्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता लागतो. हे केलं नसेल तर चोरी किंवा अपघातात नव्या स्टिरिओचे पैसे मिळणं कठीण. आणि जुना स्टिरिओ, त्याचे ब्रॅकेट आणि स्क्रूसकट, दुकानात सोडू नका. गाडी विकताना तो परत बसवून नवा स्टिरिओ पुढच्या गाडीत नेता येतो, कारण वायर आपण कुठेच कापलेली नसेल.

घरची तपासणी झाली की कुठल्या दरवाजात काय आढळलं ते लिहा. पुढच्या दोनपैकी एकच खडखडत असेल तर खर्च आणखी कमी होईल.